पेल्यात रचलेले केक

परवा आमच्या नवीन जालना भागातल्या घरी माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे बाबांचा वाढदिवस झाला. ही पोस्ट सरळसरळ स्वतःच्या कौतुकाची आहे, आधीच सांगून ठेवते...

बाबांचं स्टेशनजवळ मोटारसायकलचं गॅरेज होतं. मध्यंतरी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. चालता-बोलता येऊ लागलं, पण उजवा हात अजून थरथरतो.

मागच्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर त्यांच्या हातून सुरी सुटली आणि केकवरच पडली. हसलं कुणीच नाही, उलट सगळे सावरायला धावले... आणि तेच त्यांना लागलं. तेव्हापासून पाहुणे आले की बाबा आपलं ताट घेऊन आतल्या खोलीत जातात.

यंदा त्यांनी आधीच बजावलं, "केक-बिक काही आणू नका. मला न्हाई कापायचा."

मी बरं म्हटलं. पण तो 'कापायचा' शब्द डोक्यातून जाईना... कापावाच लागला नाही तर? प्रत्येकाला आपापला एक छोटासा केक. थर, क्रीम सगळं असलेला, पण एका हातात मावणारा.

छोटे साचे बाजारात मिळाले नाहीत. मागवायला वेळ नव्हता. मग ढोकळ्याच्या थाळीत पातळ स्पंज भाजला आणि स्टीलच्या पेल्याच्या काठानं त्याच्या गोल चकत्या पाडल्या. चकतीवर मोसंबीचा रस, त्यावर क्रीम, पुन्हा चकती, पुन्हा क्रीम.

पहिली खेप पार फसली. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच... क्रीम पातळ झालं आणि वरची चकती घसरून ओट्यावर आली.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "कशाला एवढा कुटाणा करून राह्यलीस? पेढे आणू की." त्यांना केकची नाही, बाबा चिडतील याची काळजी होती. खरं सांगायचं तर मलाही होती.

मग सुचलं... ज्या पेल्यानं चकत्या पाडल्या, त्यातच केक रचला तर? सरळ उभ्या कडांचे पेले घेतले, आतून बटर पेपर लावला, त्यात थर दाबून बसवले आणि फ्रीजमध्ये ठेवले. घरचे पेले कमी पडले, ते शेजारच्या शाहीनभाभींनी दिले.

संध्याकाळी कागद धरून पहिला केक अलगद वर ओढला. बाहेर आला आणि उभा राहिला! मी एकटीच स्वयंपाकघरात हसत होते.

पाहुणे जमले. बाबांचे गॅरेजमधले जुने जोडीदार रफिकचाचाही आले होते. मी मुद्दामच कुणाला चमचे दिले नाहीत. थोड्याच वेळात सगळ्यांची बोटं भरली, चाचांच्या मिशीलाही क्रीम लागलं.

बाबा सवयीनं उठायला लागले. मी त्यांच्यासमोर केक ठेवला. "बाबा, हा कापायचा नाहीये. असाच खायचा."

त्यांनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग डाव्या हातानं केक उचलला आणि तिथंच बसून खाल्ला. मी पाण्याचा जग धरून नुसती उभी होते... पाणी द्यायचं राहूनच गेलं.

"अजून एक हाय का?" बाबांनी विचारलं. सासूबाईंनी आपल्या हातातला त्यांच्यापुढे सरकवला.

चाचांनी विचारलं, "कोणत्या बेकरीतून आणले?"

"बेकरी न्हाई. आमच्या सुनंनं केले," बाबा म्हणाले. "साचा न्हाई, काही न्हाई. घरच्या पेल्यात बराबर जमवले. पार्ट मिळाला न्हाई की आपण काय करत होतो? तेच केलं तिनं. मेकॅनिक हाय ती."

चाचांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, अगदी गंभीरपणे.

फोटो टाकतेय. एक-दोन केक जरा कलले आहेत, ते गोड मानून घ्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत बाबांनी माझ्या स्वयंपाकाला चांगलं म्हटलं आहे, नाही असं नाही. पण परवा त्यांनी मला आपल्या धंद्यातलं माणूस म्हटलं... आणि शाहीनभाभींचे पेले घासताना मी इतकी खूश होते, की त्यांनी दिले त्याहून लख्ख करून परत दिले.