परीक्षेच्या दिवशी गाडी कुठे असेल?

मिरज स्टेशनवर आम्ही गाडीच्या पुष्कळ आधी जाऊन बसलो होतो. अण्णा, आई आणि मी. बारावीचा निकाल नुकताच लागला होता आणि मला ग्वाल्हेरला मामांच्या दुकानात पाठवायचं ठरलं होतं. आमचा डबा फलाटावर कुठे येतो हे अण्णांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. समोर हमाल बसले होते, चहावाला येरझारा घालत होता, पण आम्ही कुणालाच विचारलं नाही. गाडी आली आणि डबा पार दुसऱ्या टोकाला निघाला. मग अण्णा डोक्यावर बॅग घेऊन पुढे, त्यांच्यामागे मी, आणि सगळ्यात मागे आई, हातात चपला घेऊन, असे आम्ही फलाटभर पळालो. मी आत चढल्यावर आईने खिडकीच्या गजाला धरून सांगितलं, "मामा सांगतील तसं वागायचं. उलटं इचारायचं न्हाई."

खरं तर तेव्हा रडायला यायला हवं होतं. पण तिघांनाही इतकी धाप लागली होती की रडायचं राहूनच गेलं.

आमच्या खानापूर तालुक्यात घरटी एक तरी माणूस गलाईत असतो. सराफांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा धंदा. गावच्या मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्यासाठी कोइमतूरला आहे, कुणी कानपूरला, कुणी अजून गावातच द्राक्षबाग सांभाळतोय. तुम्हाला आपली रीत माहीत आहे. नात्यातल्या दुकानात पोरगा जातो, दुकानातच राहतो, तिथेच जेवतो. काम किती वेळ, सुट्टी कधी, गावाला कधी सोडणार, हे तो विचारत नाही. विचारलं म्हणजे विश्वास नाही असा अर्थ होतो. आणि न विचारताही सगळं मिळतं. निदान मला तरी मिळालं. टोपी बाजाराच्या मागच्या गल्लीत मामांचं दुकान आहे, वर झोपायची खोली. सकाळी भट्टी पेटवायची, दुपारी मामा स्वतःच म्हणायचे, "चल, निकल. कॉलेजला उशीर होईल." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. अण्णा फोनवर अभ्यासाचं काही विचारत नसत, कारण काय विचारायचं ते त्यांना कळत नसे. पण ते गावात सगळ्यांना सांगतात की पोरगा बी.ए. होणार.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मला श्वासाचा त्रास सुरू झाला. ॲसिडच्या वाफा मला सोसेनात. डॉक्टरांनी हे काम सोडायला सांगितलं. मामांना सांगितलं तेव्हा ते सोनं वितळवायची मूस पुसत होते. ते एवढंच म्हणाले, "बघ बाबा, तुझं तू." त्यांना राग आलाय, काळजी वाटतेय की आणखी काही, हे मी अर्थातच विचारलं नाही. दर्पण कॉलनीत एका मराठी काकूंकडे खोली घेतली आणि दुकानात जाणं बंद झालं. सण आला की मेसेज, तेवढंच.

घरी परत गेलो असतो तर डिग्री सुटली असती. इथे राहायचं तर पोटाला काम हवं. गावाकडे चुलत्यांचा ट्रॅक्टर चालवलेला, इथे मामांच्या ओळखीने माल पोहोचवायचा टेम्पो चालवलेला. म्हणून शेवटच्या वर्षाला प्रायव्हेट बसायचं ठरवलं, म्हणजे वर्गात न जाता फक्त पेपर द्यायचे, आणि शिकवणी लावून हेवी, म्हणजे ट्रकचं, लायसन्स काढलं. पहिली कंपनी कोणती धरायची, एवढंच उरलं होतं.

ट्रान्सपोर्ट नगरात मी दोन ठिकाणी गेलो. एक मोठी कंपनी होती. गाड्या नव्या, केबिनला एसी, भिंतीवर नियम चिकटवलेले. तिथल्या मॅनेजर बाईंनी वर न बघता लायसन्स पाहिलं आणि म्हणाल्या, "नया ड्राइवर पहले लंबी लाइन पे जाता है। कुछ पूछना है?" मी म्हणालो, नाही. दुसरीकडे थोड्याच गाड्या होत्या, जुन्या. मालकांना सगळे बाऊजी म्हणायचे. मी गेलो तेव्हा ते खाटेवर जेवायला बसत होते. "अरे लल्ला, पहले रोटी खा। काम की बात बाद में। तू तो घर का बच्चा है।" त्यांनी स्वतः माझ्या पोळीवर तूप घातलं. कामाची गोष्ट नंतर निघालीच नाही, आणि मीही काढली नाही. मला वाटलं, हे तर आपल्यासारखंच आहे. घरचा माणूस मिळाला.

काकूंना सांगितलं तेव्हा त्या पापड भाजत होत्या. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेतून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी हिंदीला टेकून चालते.

"गाडी कुठे-कुठे जाईल, विचारलं?"

"नाही."

"सुट्टी?"

"नाही."

"आणि तुझे पेपर आहेत, ते तरी सांगितलं ना?"

मी पापडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"अरे देवा! म्हणजे तू मुलगी पाहायला गेला आणि चहा पिऊन येऊन गेला?"

मी हसलो. त्या नाही हसल्या.

बाऊजींकडे आधी एका उस्तादाच्या, म्हणजे मुरलेल्या ड्रायव्हरच्या, शेजारी बसून शिकलो, मग गाडी हातात आली. मालनपूरच्या कारखान्यांतून माल भरायचा, आग्रा, झाशी, इंदूर. मुरैन्याच्या पुढे चंबळची घळ लागते, तिथे पहिल्यांदा भरली गाडी एकट्याने उतरवली तेव्हा मागच्या सगळ्या गाड्यांना हात दाखवून पुढे काढलं. नंतर भीती गेली आणि थकवा राहिला. हा थकवा कसा सांगावा कळत नाही. भट्टीजवळ अंग शेकून निघायचं, पण संध्याकाळी आंघोळ केली की संपायचं. इथे गाडीतून उतरलो तरी जमीन हलते आहे असं वाटतं. पुस्तक सीटमागे ठेवायचो. फाटकावर, लोडिंगच्या रांगेत, पान उघडायचो आणि त्याच ओळीवर झोप लागायची.

पेपर सुरू झाले तेव्हा मी बाऊजींना सांगितलं नाही. वाटलं, त्यांना माहीत असेल. घरच्या माणसाला माहीत असतंच की. मामांना माहीत असायचं. सुरुवातीचे पेपर आपोआप फेऱ्यांच्या मध्ये बसले, तेव्हा तर मला खात्रीच झाली की बाऊजी मुद्दाम तसं जमवताहेत. अर्थशास्त्राच्या आदल्या दिवशी त्यांनी किल्ली पुढे केली. इंदूर. मी हळूच म्हणालो, "बाऊजी, कल मेरा पेपर है।"

त्यांना खरंच धक्का बसला. "तू पढ़ता है? लल्ला, बताया काहे नहीं? अब तो गाड़ी भर गई।" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घर का काम है, बेटा। घर में कोई ना बोलता है?"

ते खोटं बोलत नव्हते, हे मला आजही वाटतं. घरात कुणी नाही म्हणत नाही, हे तर मी लहानपणापासून शिकलो होतो. मी किल्ली घेतली. पेपर सुरू झाला असेल तेव्हा मी शिवपुरीच्या बऱ्याच पुढे एका घाटात पहिल्या गिअरमध्ये चढत होतो.

अण्णांना फोन केला. त्यांना सप्लीमेंटरी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. मग अण्णा म्हणाले, "म्हंजे आजून एकदा बसता येतंय न्हवं?" मी हो म्हणालो. "मग बस की." त्यांच्या मागे आई काहीतरी विचारत होती, मला ऐकू आलं नाही.

बाऊजींचं काम मी सोडलं, पण भांडून निघालो नाही. जेवूनच निघालो. मग मोठ्या कंपनीत पुन्हा गेलो. त्याच बाई होत्या. या वेळी त्यांनी विचारायच्या आधीच मी बोललो. हिंदी अडखळली, पण बोललो. सप्लीमेंटरीचा पेपर असेल त्या दिवशी माझी गाडी कुठे असेल?

त्यांनी वर पाहिलं. बहुतेक हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा.

"तारीख आते ही बता देना। उस हफ़्ते लोकल चला लेना।" मला हायसं वाटेपर्यंत त्या पुढे म्हणाल्या, "पर बाकी साल ना मत बोलना। होली-दिवाली की कोई गारंटी नहीं।"

"और गाँव की जत्रा?"

"वो भी नहीं।"

इतकं स्पष्ट 'नाही' मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर येऊन मी एका ट्रकच्या सावलीत बसलो. वाईट वाटत होतं, आणि तरी बऱ्याच महिन्यांनी छातीत हवा नीट जात होती. यंदा जत्रेला मी नसेन. तुम्ही पालखीजवळ उभे असाल तेव्हा मी बहुतेक चेन्नईच्या वाटेवर असेन. पण पेपरच्या दिवशी कुठे असेन, ते मला माहीत आहे.

मी होकार दिला. तिथून दर्पण कॉलनीला न जाता टोपी बाजारात गेलो. का, ते नीट सांगता येणार नाही. कदाचित एकदा तोंड उघडलं होतं ते पुन्हा बंद व्हायच्या आत जायचं होतं.

दुकान तसंच होतं. भट्टी विझत आली होती. मामा हात धुऊन डबा उघडत होते. त्यांनी मान वर करून मला पाहिलं. मी दारातच उभा राहिलो, कारण आत वाफा असतील.

"मामा, मी काम सोडलं म्हणून तुम्ही रागावलाय का?"

आमच्या दुकानात असं कुणी कुणाला विचारत नाही.

"व्हय," मामा म्हणाले. "रागावलोय. लय रागावलोय."

मी परत वळू लागलो.

"मग? राग हाय म्हणून खाना नहीं खायेगा क्या?" त्यांनी डब्याचं झाकण उलटं करून त्यात भाकरी ठेवली आणि झाकण उचलून बाहेर पायरीवर आले, जिथे वाफ येत नाही. "बस हितं."

मी बसलो. घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर सध्या मला एवढंच सांगता येईल. पायरी अरुंद होती. मामा रागावलेलेच होते, आणि ते थोडे सरकून बसले.