सकाळच्या बाई

चिडलं की माणसाचा आवाज चढतो. आमच्या बाईंचा उतरायचा. काय म्हणतायत ते ऐकायला पुढं वाकावं लागायचं आणि एकदा वाकलात की तुमची धडगत नसायची. बाई समोरून येताना दिसतायत पण ऐकू येत नाहीत, असं झालं की आमच्या हॉस्पिटलातले भले भले सर्जन जिना बदलायचे.

बाई संधिवाताच्या डॉक्टर. परदेशात शिकून, तिथल्या प्रयोगशाळेत काही वर्षं काम करून, आणीबाणीच्या आगेमागे पुण्यात परतल्या. मी केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून. रुजू होताना त्यांनी स्वतंत्र विभाग मागितला. व्यवस्थापक हसून म्हणाले, "अहो, संधिवात हा काय रोग आहे? वय आहे ते."

"माझी सगळ्यात लहान पेशंट नऊ वर्षांची आहे," बाई हळूच म्हणाल्या. "तिच्या आईला आपणच येऊन सांगा, वय झालं म्हणून."

विभाग मिळाला नाही. धोबीखान्याशेजारची भांडाराची खोली मिळाली. जुन्या खाटा बाहेर काढून बाईंनी तिथं एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि कपाटाएवढा एक डीप फ्रीजर बसवला.

मग त्यांनी ओपीडीची वेळ बदलून मागितली. सगळ्या हॉस्पिटलची ओपीडी अकराला आणि बाईंना हवी साडेसहाला. या रोगात रात्रभरात सांधे आखडतात, बोटं मिटत नाहीत, आणि सूर्य वर येईल तसे हळूहळू सुटतात. "अकराला पेशंट चालत येते, नमस्कार करते, आणि डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही हिला," बाई म्हणायच्या. "रोग सकाळचा आणि डॉक्टर दुपारचा. भेट व्हायची कशी?" वॉचमनपासून डीनपर्यंत सगळ्यांनी कुरकुर केली आणि त्यांना 'सकाळच्या बाई' म्हणायला लागले. बाईंना ते कळलं होतं. त्यांनी दारावर तशी पाटी लावली नाही एवढंच.

पेशंट आत आली की बाई तिच्या हातात ओला पंचा द्यायच्या. "पिळा." आणि घड्याळाकडे बघायच्या. एकदा खडकवासल्याच्या पलीकडून पहिल्या बसनं एक जोडपं आलं. नवरा दारातूनच सांगायला लागला, "डॉक्टरीणबाई, हिला काय बी झाल्यालं न्हाई. दुपारी रानात बघा, चांगली खुरपती हाय." बाईंनी पंचा पुढं केला. त्या माउलीनं दोन्ही तळव्यांत दाबून पाहिला, मनगटांनी दाबून पाहिला. चार थेंब पडले आणि तिला रडू फुटलं.

बाईंनी तोच पंचा नवऱ्याला दिला. त्यानं खळकन पिळला. "छान येतं की तुम्हाला," बाई म्हणाल्या. तो ऐकायला पुढं वाकला. "मग उद्यापासून घरचं धुणं तुमच्याकडं."

त्या दिवशी मी लवकर आलो होतो आणि दारातून हे बघून पोट धरून हसलो होतो. आज त्या हसण्याची मला शरम वाटते, कारण माझ्या घरात दुसरं काही चाललं नव्हतं. शालिनी, माझी बायको, तेव्हा एकतीस वर्षांची होती. सकाळी चहाला उशीर, पोरीची वेणी ढिली, हातातून कप निसटलेला. दुपारी मात्र हळदीकुंकवाला जायला ठणठणीत. मी तिला टोमणे मारायचो आणि एक दिवस मोठा विनोद केल्यासारखं बाईंनाही म्हणालो, "आमच्याकडं पण एक नाटक कंपनी आहे बरं का." बाईंनी पत्ता तेवढा विचारला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी सहाला कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांचं दार वाजलं. दारात बाई. त्यांनी मला खुर्चीत बसवलं. "तुम्ही बोलायचं नाही. बघायचं."

मी बघितलं. शालिनीनं स्टोव्हची पिन दातांत धरून बोटांत अडकवली. दुधाचं पातेलं दोन मनगटांमध्ये धरून उतरवलं. पोरीची वेणी घालताना मधेच हात मांडीवर ठेवून ती थांबायची आणि मीनल, आमची सात वर्षांची पोर, न सांगता थांबून राहायची. त्या लेकराला ठाऊक होतं. खालच्या तांबटाची ठोकाठोक सुरू झाली, नऊ वाजले, तेव्हा कुठं शालिनीची मूठ वळली. चार वर्षं रोजचे हे तीन तास मी त्याच खोलीत पेपर वाचत बसलो होतो!

निघताना बाई माझ्याजवळ आल्या. "नाटकाला पहिल्या रांगेत बसत जा," त्या म्हणाल्या, तेही शालिनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. दुसऱ्या दिवसापासून केसपेपरची खिडकी मी साडेसहाला उघडायला लागलो. तसा हुकूम कुणाचा नव्हता.

फ्रीजरचं कोडं मला त्यानंतर उलगडलं. बाई दर वर्षी प्रत्येक पेशंटचं रक्त घेऊन गोठवून ठेवत. पेशंटच्या बहिणींचं आणि लेकींचंही, त्यांना काही झालेलं नसताना. मी कारण विचारलं. "शरीराचे रखवालदार घरच्याच माणसांना चोर समजून झोडपतात, तो हा रोग," त्या म्हणाल्या. "पण डोकं कधी फिरतं त्यांचं? बोटं सुजायच्या आदल्या दिवशी की दहा वर्षं आधी? यांतली एखादी पुढं आजारी पडली, तर तिच्या जुन्या रक्तात मागं मागं जाऊन बघता येईल. आणि आधी कळलं, तर आधी थांबवता येईल." मीनलचंही रक्त घेतलं. लिमलेटची गोळी मिळायची म्हणून ती दर वर्षी खुशीत यायची. परदेशातून नमुने मागणारी पत्रं यायची. बाई उत्तर लिहायच्या, या, इथं बसून काम करा, चहा आम्ही देऊ.

पंधरा वर्षं हे चाललं. मग हॉस्पिटलला संगमरवराची हौस आली. बड्या लोकांसाठी नव्या खोल्या बांधायच्या, म्हणून गणपतीच्या सुट्टीला जोडून मागच्या इमारतीची वीज चार दिवस बंद राहणार होती. सगळ्या विभागांना नोटीस निघाली. ती फिरवून सह्या घ्यायचं काम माझ्याकडं. यादीत एकोणीस विभाग होते. संधिवात नव्हता, कारण असा विभाग कागदावर कधी झालाच नाही. कागदावर ती खोली भांडार होती आणि भांडाराला कोण नोटीस देतं? बाई दिल्लीला परिषदेला गेल्या होत्या. मी एकोणीस सह्या घेतल्या, खाली 'सर्वांस दिली' असं लिहिलं आणि घरच्यांना देखावे दाखवायचे होते म्हणून लवकर घरी गेलो.

दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, मला तर माहीत होतं. इतकी वर्षं रोज सकाळी मी त्या खोलीच्या दारातून केसपेपर आत दिले होते. पण हातात यादी आली की कारकुनाचे डोळे जातात.

पाचव्या दिवशी त्या दाराखालून पाण्याचा ओघळ धोबीखान्यापर्यंत आला होता. आत बाई पदर खोचून फरशी पुसत होत्या. टेबलावर नळ्यांचे ट्रे. आत पिवळं, गढूळ पाणी आणि बाहेर बायकांची नावं, शाई उतरलेली. व्यवस्थापक रुमाल नाकाला लावून उभे होते. "मॅडम, तांत्रिक चूक झाली. नमुने काय, पुन्हा घेता येतील."

"पंधरा वर्षांपूर्वीचं रक्त आज कुणाच्या अंगातून काढू?" बाई म्हणाल्या. व्यवस्थापक वाकले नाहीत. त्यांना ऐकायचंच नव्हतं. ते गेले.

मी म्हणालो, "बाई, यादी माझ्या हातात होती."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हातातला फडका माझ्या हातात दिला. "पिळा." मी पिळला. बादलीत पाणी पडलं. मी पुन्हा बुडवला, पुन्हा पिळला, फरशी कोरडी होईपर्यंत. त्या ओरडल्या असत्या तर मी कधीतरी मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला बाई पहिल्या पेशंटच्या दंडाला रबरी नळी बांधत होत्या. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. मला राहवलं नाही. "बाई, आता हे पुरं कधी व्हायचं?"

"मी नसेन. फ्रीजर असेल," त्या म्हणाल्या. "त्याला नोटीस देत जा."

फ्रीजरही राहिला नाही. बाई निवृत्त झाल्या आणि महिन्याभरात त्या खोलीत जनरेटर आला, ओपीडी पुन्हा अकराला गेली. बाई वारल्या तेव्हा सूचनाफलकावर 'मनमिळाऊ' असं लिहून आलं. मनमिळाऊ! आमच्या बाई! शोकसभेत नवे व्यवस्थापक बोलले, "त्यांचा विभाग हा आमच्या संस्थेचा मानबिंदू होता." कुठला विभाग, असं मी भर सभेत विचारलं आणि उठून घरी आलो. अजून तो 'मानबिंदू' आठवला की माझं डोकं भणभणतं.

गेल्या दिवाळीत एका सकाळी मीनलकडं फराळाला गेलो होतो. ती आता चाळिशीला आली आहे. सकाळी आठला तिनं मला चहा आणून दिला. कप दोन मनगटांमध्ये धरला होता.

मी कपाकडं बघत राहिलो. तिच्या नावाच्या आठ-नऊ नळ्या होत्या त्या फ्रीजरमध्ये. रखवालदारांचं डोकं कुठल्या वर्षी फिरलं ते त्यांतल्या एखादीनं कदाचित सांगितलं असतं. ते पाणी मी माझ्या हातांनी बादलीत पिळलं होतं. मीनलला मी हे सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

जावई सोफ्यावर मोबाइल बघत होता. मान वर न करता हसला. "बाबा, हिचं सकाळी हे असंच असतं. दुपारी लॅपटॉपवर बघा, कशी फास्ट बोटं चालतात. सगळा ड्रामा आहे."

मी तापट माणूस. आयुष्यभर ओरडत आलो. त्या वेळी मात्र माझा आवाज आपोआप खाली गेला. जावयानं मोबाइल बाजूला ठेवला आणि पुढं वाकला. "काय म्हणालात, बाबा?"

"उद्या सकाळी सहाला येतो," मी म्हणालो. "तुम्ही बोलायचं नाही. बघायचं."