शिशाचं कुलूप, मोडीचं कुलूप

रघुवीर शितोळ्यांची एक खोड इंदूरच्या साऱ्या परदेशीपुऱ्याला ठाऊक होती. नवी वस्तू घरात आली की ते आधी तिचं पोट उघडून बघत. कंदील असो, गजराचं घड्याळ असो, नाहीतर सासुरवाडीहून आलेला शेवयांचा साचा असो. स्क्रू काढायचे, आत डोकवायचं, बोट फिरवायचं आणि मग जसंच्या तसं बंद करायचं. "ज्याचं पोट उघडत नाही त्याच्याशी सोयरीक करू नये," असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई म्हणत, "बरं झालं, लग्नात मधे अंतरपाट होता. नाहीतर माझाही स्क्रू शोधला असता यांनी."

शितोळ्यांचे आजोबा होळकरांच्या पागेत जमादार होते, वडील सरकारी फडात कारकून. पागा गेली, फड गेला, संस्थान गेलं. नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला जाऊन बसली. इंदूरच्या पदरात उरल्या गिरण्या आणि त्यांचे भोंगे. वडिलांकडून रघुवीरांना एकच इस्टेट मिळाली होती, मोडीचं अक्षर. काय अक्षर होतं ते! ओळ सुरू झाली की पाण्यावरून साप जावा तशी सरसर जायची, लेखणी उचलायचं नाव नाही.

गिरणीत ते काठ लिहीत. हो, लिहीतच. साडीचा, धोतराचा काठ मागावर विणला जातो खरा, पण कुठला धागा केव्हा वर उचलायचा हे मागाला कोणीतरी सांगावं लागतं. मागाच्या डोक्यावर डॉबी नावाची पेटी असे आणि तिच्यावरून लाकडी पट्ट्यांची माळ फिरे. पट्टीला ओळीनं भोकं. भोकात लाकडाची खुंटी ठोकली की त्या जागचे धागे वर जात, भोक रिकामं ठेवलं की खाली राहत. खुंटी आणि रिकामी जागा, एवढ्या दोनच अक्षरांत रघुवीर मास्तरांनी वीस वर्षं काठ लिहिले. त्यांचा 'करंडा' काठ निमाडच्या बाजारात नावानं मागितला जाई.

खुंट्या मल्हारगंजातला कोणीही खरादी कातून द्यायचा. या मागाची माळ त्या मागावर चढायची. महेश्वरचा एखादा विणकर यायचा, बोटांवर मोजून एखादी नक्षी सांगायचा आणि दिवस मावळायच्या आत ती मागावर दिसायची. त्यासाठी कोणाला विचारावं लागत नसे.

एकसष्ट साली गिरणीत दहा नवे विलायती माग आले.

त्यांच्यावर लाकडी पेटी नव्हती. लोखंडी डबा होता आणि डब्याच्या झाकणाला शिशाची मोहोर. पट्ट्यांच्या जागी कागदाची गुंडाळी फिरे आणि तिच्यातल्या भोकांवरून माग चाले. सोबत मुंबईहून मागाच्या कंपनीचे एजंट आले, फणसे नावाचे. पांढरी पँट, गळ्यात टाय, बोलणं लोण्यासारखं.

मास्तरांनी डब्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. "उघडतो कुठून हा?"

"उघडायचा नाही मास्तर," फणसे हसले. "मोहोर तुटली तर दुरुस्तीची जबाबदारी कंपनी घेणार नाही."

"मग आत काय चाललंय ते कळणार कसं?"

"तुम्हाला कळून काय करायचंय? कापड बाहेर येतंय ना?"

पाठीमागे उभा असलेला मारुती सोनवणे, मास्तरांचा जुना विणकर, हळूच पुटपुटला, "भिया, हे तर असं झालं, पोहे खा पण कढईत मत झाँको."

मग फणश्यांनी नियम सांगितले. काठाचा नमुना आधी मुंबईच्या कचेरीत पाठवायचा. तिथे पसंत पडला तर त्याला नंबर मिळणार. नंबर मिळाला तर कागदाला भोकं पाडून तिथूनच येणार. कागद कंपनीचाच, भोकं पाडायचं यंत्रही कंपनीचंच. काठ खपला तर हजार वारांमागे कंपनीचा हिस्सा, आणि नमुन्याची एक प्रत कायम कचेरीत.

"आणि पसंत नाही पडला तर?"

"तर नाही पडला," फणसे म्हणाले. "चुकीची भोकं पडली की यंत्र बिघडतं, मास्तर. हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे."

माझ्या भल्याची काळजी वाहणारा माणूस इतक्या लांबून कशाला येईल, हा विचार मास्तरांच्या डोक्यात शिरला तो निघेना. तरी त्यांनी एक काठ पाठवून पाहिला. सात आठवडे गेले. उत्तर आलं एका ओळीचं: नमुना मंजूर करता येत नाही. का, ते लिहिलं नव्हतं.

तेव्हा मास्तरांनी आपल्या पद्धतीनं चौकशी सुरू केली. कंपनीच्या वापरून झालेल्या गुंडाळीचा एक तुकडा त्यांनी उचलला आणि दोऱ्यानं भोकांमधलं अंतर मोजलं. खजुरी बाजारातून जाड कागद आणला, त्याला तेल पाजलं, चांभाराच्या टोच्यानं त्याच नक्षीचं एकेक भोक पाडलं. आठ दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी झाल्यावर मारुतीला दाराशी उभं करून त्यांनी तो कागद नव्या मागावर चढवला. माग दोन वेळा खडखडला आणि थांबला. पुन्हा चालवला, पुन्हा थांबला.

मास्तरांनी दोन्ही कागद उजेडात एकमेकांवर धरले. नक्षीची भोकं तंतोतंत जुळत होती. पण कंपनीच्या कागदाच्या अगदी कडेला भोकांची आणखी एक ओळ होती. ती कड फाटलेली असेल असं समजून त्यांनी सोडून दिली होती. आता त्यांनी ती बोटानं चाचपली. त्या भोकांनी एकही धागा उचलला जात नव्हता. कापडाशी त्यांचा संबंधच नव्हता. शेजारच्या मागांवरचे कागद पाहिले, तर प्रत्येकावर ती निराळी होती आणि डब्यातली कुठलीशी सुई ती वाचून ठरवत होती, हा कागद आपल्या घरचा की परका.

"मारुती," मास्तर म्हणाले, "ही भोकं विणायची नाहीत रे. ही चौकीदाराची आहेत."

महिन्याभरानं खबर आली की मालक उरलेले नव्वद मागही बदलणार. विणखात्याचे प्रमुख शरदबाबू दिघे यांनी मास्तरांना कचेरीत बोलावलं. फणसे खुर्चीत बसले होते. मास्तरांना सगळं समजलं. नव्वद माग गेले की खुंट्या गेल्या. मग एक तर आपले सगळे काठ कंपनीच्या हवाली करून नंबराची वाट बघत बसायचं, नाहीतर पन्नाशीला टेकल्यावर दुसरं काम शोधायचं.

त्यांनी चौकीदार भोकांची हकिकत सांगितली. आवाज चढला. "आज कागद त्यांचा आहे शरदबाबू. उद्या काठही त्यांचेच होतील. जुना माग कसा, कोणाचीही खुंटी घेतो!"

शरदबाबू शांत माणूस. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं म्हणणं खरं आहे. पण गेल्या पावसाळ्यात तुम्हाला टायफॉइड झाला, आठवतं? तीन आठवडे एक नवा काठ लागला नाही. तुमची वही समोर होती. साऱ्या गिरणीत ती एकालाही वाचता आली नाही."

मास्तरांची वही मोडीत होती. मुद्दाम होती. पूर्वी एकदा दुसऱ्या गिरणीच्या माणसानं त्यांचा काठ चोरून उतरवला होता, तेव्हापासून ते मोडीत लिहीत, आणि मोडीतही अक्षरं गाळून.

फणसे हसले. "म्हणजे मास्तर, आमचं कुलूप शिशाचं आणि तुमचं मोडीचं. कुलपाला कुलूप कशाला हसतंय?"

घरी आल्यावर मास्तर जेवले नाहीत. फणश्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला. इंदुमतीबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तो माणूस लबाडच आहे. पण बोलला ते खोटं का?"

"तू त्याच्या बाजूची?"

"मी कोणाच्या बाजूची नाही. टायफॉइडमध्ये मारुती दारात उभा होता, वही घेऊन. तुम्ही तापात बरळत होता आणि तो बिचारा विचारत होता, मास्तर, हे काय लिहिलंय, हे काय लिहिलंय. मला रडू आलं होतं."

"शिकवलं तर उद्या उचलून नेतील सगळे."

"नेतील," इंदुमतीबाई म्हणाल्या. "काही नेतील. मग?"

रविवारी मास्तरांनी गेरूचं डबडं आणि ब्रश घेतला आणि शेडच्या आतल्या चुन्याच्या भिंतीपुढे उभे राहिले. सुतळी ताणून चौकटी आखल्या. खुंटी तिथे लाल घर, रिकामं तिथे पांढरं. पहिला काठ काढताना दर दोन ओळींनी ते मागे वळून कोणी बघतंय का ते पाहत. 'करंडा' मात्र त्यांनी शेवटपर्यंत ठेवला. तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी करंडाही भिंतीवर चढला, आणि खाली बाळबोध अक्षरांत नाव. वर्षांनुवर्षं मोडी लिहिलेल्या हाताचं ते बाळबोध पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं होतं.

नव्वद मागांचा निकाल लावायला मालक आले त्या दिवशी शरदबाबूंनी अट घातली: मास्तरांनी कचेरीत बसायचं, काठ भिंतीवरून दुसऱ्यानं लावायचा. काठ लावायला मारुती गेला, जेमतेम तिसरी पास. मास्तर आत बसून भिंतीपलीकडचा खुंट्यांचा ठकठक आवाज मोजत राहिले. मधेच तो थांबला की त्यांना वाटे, चुकला. पुन्हा सुरू झाला की वाटे, कोणीतरी सांगितलं वाटतं. फणश्यांनी चार वेळा घड्याळ पाहिलं. "आमचा कागद दहा मिनिटांत चढतो," ते मालकांना म्हणाले, आणि ते खरंच होतं.

तीन तासांनी मारुती हातभर कापड घेऊन आत आला. करंडा होता. प्रत्येक घर जागच्या जागी. मास्तरांनी कापड उलटं करून पाहिलं, उजेडात धरलं, नखानं खरवडलं.

"किसी ने बताया तर नाही ना रे?"

"काय मास्तर! तुमची भिंत आहे ना बोलायला."

मालकांनी फार काही म्हटलं नाही. दहा नवे राहू देत, नव्वद सध्या आहेत तसेच चालू देत, पुढचं पुढे पाहू, एवढंच. फणसे बॅग उचलून गेले, पण जाताना दाराशी थांबून त्यांनी भिंत नीट पाहून घेतली. मास्तरांनी त्यांना पाहताना पाहिलं. त्या दिवशी त्यांना घास गोड लागला नाही.

भिंतीची बातमी गिरणीबाहेर गेलीच. महिन्याभरानं एका दुपारी मास्तर शेडमध्ये आले तर एक अनोळखी माणूस भिंतीपुढे उभा. तळहातात कागद, कानामागे पेन्सिल, तोंडानं पुटपुटत घरं मोजत होता. मास्तर त्याच्या पाठीशी जाऊन उभे राहिले. माणसाच्या सदऱ्याला दुसऱ्या गिरणीच्या सुताची लव चिकटलेली होती. चौकीदाराला हाक मारायला मास्तरांनी तोंड उघडलं.

माणसाचा हात थबकला. त्यानं एक घर खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा खोडलं. मास्तरांनी त्याच्या खांद्यावरून कागदात पाहिलं.

"पाचव्या ओळीत चुकताय," ते म्हणाले.

माणूस दचकला, कागद खिशात कोंबायला लागला.

"काढा तो बाहेर," मास्तर खेकसले. "तिथे दोन लाल सोडून पांढरं आहे. असा काठ विणलात तर माझं नाव बद्दू होईल."