नबीलालच्या रानाचा वाफसा

पडदा वर गेला आहे असं धरून चाला. मागे कागलचा हायवे, बेंगलोरच्या दिशेनं पळणारे ट्रक. पुढे ट्रॅक्टरच्या दुकानाचं पटांगण. उजवीकडं माणसाच्या छातीइतक्या चाकांचे लाल ट्रॅक्टर ओळीनं उभे, डावीकडं कोपऱ्यात दोन-तीन ठेंगणे केशरी, आईबाप सोडून गेल्यासारखे. मधोमध एक माणूस. डोक्याला पांढरी टोपी, शर्टाच्या वरून कमरेला डॉक्टरनं दिलेला रुंद पट्टा, पायात झिजलेली चप्पल. तो नुसता बघतो आहे.

हा नबीलाल. आमच्या गावचा. गाव बिद्रीच्या अलीकडं.

सकाळी तो माझ्या दारात आला होता. "नाना, कागलला चला जरा. ट्रॅक्टर घ्यायचाय. पोरगं माझं ऐकत न्हाय. तुमचा आवाज मोठा हाय, तुमचं ऐकंल." आयुष्यभर रंगमंचावर ओरडल्याचा म्हातारपणी एवढा तरी उपयोग होतो म्हणून मी टोपी घातली आणि निघालो.

नबीलालला मी ओळखतो तो ट्रॉल्यांपासून. आमच्या जत्रेच्या नाटकाला पक्का रंगमंच कधीच नव्हता. पिराजीअण्णांच्या दोन ट्रॉल्या पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, वर फळ्या टाकायच्या, की झाला दरबार. त्या ट्रॉल्या आणायचं काम नबीलालचं, कारण तो अण्णांचा ड्रायव्हर. त्या फळ्यांवर मी राजा होऊन मेलो, भिकारी होऊन जगलो, आणि एकदाही फळी पायाखाली हलली नाही. पहिला अंक नबीलाल ट्रॅक्टरच्या सीटवर बसून मन लावून बघायचा. दुसऱ्या अंकात झोपायचा. तिसरा अंक त्यानं आजवर बघितलेला नाही. दिवसभर कुणाचं तरी रान मारून, म्हणजे ट्रॅक्टरनं नांगरून-कुळवून, आलेला असायचा, त्याला कोण काय म्हणणार? शेवटी टाळ्यांनी जागा व्हायचा आणि मला भेटून सांगायचा, "नाना, आज लई भारी झालं."

पिराजीअण्णांचा एक ट्रॅक्टर गेला, दुसरा आला, तिसरा आला. ड्रायव्हर तोच राहिला. नबीलालची स्वतःची जमीन म्हणजे ओढ्याकाठची एक पट्टी, दीडएक एकराची. आणि त्या पट्टीची एक गोष्ट होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पाऊस पडून गेला की रान ओलं असतं, आत गेलं तर चिखल होतो. फार वाळलं तर दगडासारखी ढेकळं निघतात. मधे एखाद-दुसरा दिवस असा येतो की मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि खाली टाकला तर फुटतो. तो वाफसा. त्या दिवशी मारलेलं रान लोण्यासारखं होतं. पण वाफसा सगळ्या गावाला एकाच दिवशी येतो. त्या दिवशी नबीलाल आधी पिराजीअण्णांच्या रानात, मग अण्णांच्या भावकीच्या, मग ज्यानं आधी सांगून ठेवलंय त्याच्या. आपल्या पट्टीत पोचायचा तोवर माती आवळून गेलेली. मग त्याची बायको बिबीजान खोऱ्याच्या पाठीनं ढेकळं फोडत बसायची. दर वर्षी. गावातल्या एकूण एक रानाला त्यानं वाफसा दिला, फक्त आपलं सोडून.

आणि आता त्याची कंबर गेली होती. अण्णांची नोकरी त्यानं सोडली. पैसे कसे जमवले ते मी विचारलं नाही. पण आयुष्यातला पहिला स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायला तो त्या पटांगणात उभा होता.

दुकानातला पोरगा सम्राट लगबगीनं आला आणि माझ्यासमोर खुर्ची ठेवली. "बसा पावणं. मालक तुम्हीच नव्हं?" मग नबीलालकडं वळून, "ड्रायव्हरकाका, तुम्ही गाडी बघून घ्या सावकाश. तिकडं पाण्याचा माठ हाय."

नबीलालनं मान डोलावली. माठावर जाऊन पाणी प्यायला. मोठ्या लाल ट्रॅक्टरचं झाकण उघडून आत डोकावला, क्लच दाबून बघितला, टायरवर टाच मारली आणि माझ्यासमोर येऊन हात मागं बांधून उभा राहिला. "चांगला हाय. घ्या."

त्याचा मुलगा तोहिद मोटरसायकलला टेकून उभा होता. तो म्हणाला, "अब्बा, आपल्याला घ्यायचाय. नानास्नी न्हाय."

"व्हय की," नबीलाल म्हणाला. मागं बांधलेले हात त्यानं सोडले. सम्राटनं जीभ चावली आणि ती खुर्ची उचलून त्याच्याकडं सरकवली. नबीलाल खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

मग पेच सुरू झाला. तोहिदला मोठा हवा होता. तो कागलच्या एमआयडीसीत शिफ्टवर जातो, आठवडाभर रात्रीची, आठवडाभर दिवसाची. तिशीतच डोळ्यांखाली काळं आलंय. त्याचं म्हणणं साधं होतं. "मोठा घ्या. गावात भाड्यानं रानं मारू. हंगाम सुरू झाला की दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला ऊस. मी कंपनी सोडतो, मीच चालवतो. तुम्ही नुसतं कट्ट्यावर बसा."

"तू चालवणार? तुला चालवाया येतंय कुठं?"

"तुम्ही शिकवलंय का कधी?"

"अण्णांच्या ट्रॅक्टरवर तुला कसं शिकवायचं? घासला असता कुठं तर?"

नबीलाल उठला आणि कोपऱ्यातल्या केशरी ट्रॅक्टरकडं गेला. सम्राट मागोमाग. "काका, हा बागायतवाला हाय. उसाच्या चार फुटी सरीत आरामात जातोय, बुडाला मातीची भर लावतोय, छोट्या रोटरनं माती भुसभुशीत करतोय. पर खरं सांगतो, काळ्या रानाची खोल नांगरट ह्याला जमायची न्हाय."

"नांगरट भाड्यानं करीन. ती वर्षातनं एकदाच. बाकीचं कामच रोजचं."

तो त्यावर चढून बसला. गुडघे स्टेअरिंगला लागले. तोहिदला हसू आवरेना. "अब्बा, जत्रेतल्या पाळण्यात बसल्यागत दिसताय. गाव काय म्हणंल? एवढी वर्षं ट्रॅक्टर चालवला आणि शेवटाला खेळणं आणलं."

नबीलाल स्टेअरिंग डावीकडं-उजवीकडं फिरवत राहिला. ते एका बोटानं फिरत होतं. मग मान वर न करता म्हणाला, "मोठा घेतला की गाव दारात येतंय बघ. ज्याच्या दारात मोठा ट्रॅक्टर, त्याला न्हाय म्हणता येत न्हाय. आज ह्याची भावकी, उद्या त्याचा पावणा. मग पुन्हा सगळ्यांच्या मागनं आपलं. मला आता होत न्हाय रे. ह्याला कोण बोलवणार न्हाय. एकडाव माझं रान वाफशाला मारायचंय, मग तू काय बी कर."

खरं तर मी मुलाला समजवायला आलेलो होतो. वाटेत दोन वाक्यंही जुळवून ठेवली होती, चढ-उतारासकट. ती मी गिळली. तोहिदनं बापाकडं बघितलं, मग हायवेकडं. "घ्या तुम्हाला पाहिजे ते," म्हणाला आणि गाडीला किक मारून कामावर गेला. रागावून गेला की नाही, ते त्याच्या पाठीवरून कळलं नाही.

केशरी ट्रॅक्टर गावात आला तेव्हा कट्ट्यावर चांगलीच करमणूक झाली. कोण म्हणालं, ह्याला ट्रॉली जोडायची का दुधाचा कॅन? धोंडुबाई म्हातारी काठी टेकत आली, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. "नब्या, ह्यो डिझेल पितोय का दूध?"

"दूधच पितोय आज्जे. रांगाया लागला की डिझेल सुरू करायचं."

पिराजीअण्णाही आले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, "बरं केलंस" म्हणाले आणि गेले. अण्णा वाईट माणूस नव्हेत. बिबीजान बाळंतपणात अडली होती तेव्हा मध्यरात्री स्वतःची जीप काढणारे तेच. म्हणून तर सगळं अवघड.

त्यानंतर नबीलालनं एक केलं. गावठाणाच्या मोकळ्या जागेत तोहिदला सीटवर बसवलं. गाडी सरळ कशी चालवायची, रोटर कधी उचलायचा, वळताना किती आधी बघायचं, सगळं शिकवलं. पोरगं हसत-हसत शिकलं. खेळणं म्हणून हसायचं, पण रोज बसायचं.

दिवाळीच्या तोंडाला पावसानं पुन्हा झोडपलं आणि मग उघडलं. दोन दिवस ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी फिरायला निघालो तर जो तो आपापल्या रानाच्या कडेला वाकून माती मुठीत दाबून बघत होता. वाफसा आला होता. मोबाईलवर म्हणे संध्याकाळी पुन्हा पावसाचं सांगत होतं. म्हणजे हातात हा एकच दिवस.

मी मुद्दाम नबीलालच्या घराकडं वळलो. अंगणात केशरी ट्रॅक्टर धडधडत उभा होता, मागं छोटा रोटर. सीटवर नबीलाल, पट्टा आवळून बसलेला. तोहिद रात्रीची शिफ्ट करून नुकताच आलेला, पायरीवर बसून चहा पीत होता. बिबीजाननं भाकरीचं फडकं बांधून दिलेलं. नबीलाल मला बघून हसला. दात दिसतील असं तो हसलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

तेवढ्यात पिराजीअण्णा आले. चालत आले होते, धाप लागलेली.

"नबी, नवा ड्रायव्हर गेला रे काल. कारखान्याच्या वाहतुकीवर गेला, सांगितलं सुद्धा न्हाय. लागणीचं उसाचं बेणं तोडून पडलंय माझं. आज रान झालं न्हाय तर सगळं वाळून जाईल. ट्रॅक्टर हाय, डिझेल हाय, चालवणारा न्हाय. आजच्या दिवस ये."

मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. इतकी वर्षं पाठ केलेला एखादा संवाद असेलच की माणसाजवळ. नबीलालनं अण्णांकडं बघितलं, मग सीटवरून हात लांब करून इंजिन बंद केलं. अंगण एकदम शांत झालं. तो सावकाश खाली उतरला, एक हात कमरेवर ठेवून.

बिबीजान म्हणाली, "जावा. तुमचं तोंड बघूनच कळलं मला." तिच्या आवाजात राग नव्हता. दमलेला आवाज होता तो. तिनं कोपऱ्यातलं खोरं हातात घेतलं.

लहान ट्रॅक्टर घेतला म्हणजे आपल्याला कुणी बोलवणार नाही, असा त्याचा हिशोब होता. पण गावाला त्याचा ट्रॅक्टर कधीच नको होता. गावाला तो हवा होता.

तोहिद कप ठेवून उठला. "अण्णांच्याकडं मी जातो."

"मोठा ट्रॅक्टर हाय, त्यांच्या रानाला उतार हाय. तुला सावरायचा न्हाय," नबीलाल म्हणाला. मग त्यानं केशरी ट्रॅक्टरची चावी काढून मुलाच्या हातावर ठेवली. "तू आपल्यात जा. सावकाश घे. आधी रोटर, मग सरी सोड. झोप आली तर थांब." आणि तो अण्णांच्या मागोमाग गेला.

मी दिवसभर ओढ्याकाठच्या बांधावर बसून होतो. नाटकात मुख्य नटाऐवजी ऐनवेळी दुसरा उभा राहिला की सगळे विंगेत श्वास धरून बघतात, तसंच होतं ते. तोहिद रात्रभर जागा, डोळे तांबडे. पहिल्या फेरीला गाडी बांधावर चढवली. बिबीजान पुढं जाऊन जुन्या पिकाची धसकटं वेचत होती आणि ओरडत होती, "आरं, सरळ बघ की. मागं काय बघतूस?" दुपारी भाकरी खाताना तो बसल्या जागी झोपला. आईनं थोडा वेळ झोपू दिलं, मग तोंडावर पाणी मारून उठवलं. ऊन उतरायला लागलं तशी राधानगरीच्या अंगाला ढगांची काळी फळी दिसायला लागली. तोहिदनं रोटर काढून सरीचा फाळ जोडला. मातीला हात लावला तर अजून मऊ होती. लोण्यासारखी.

शेवटची सरी सोडून होते तोवर नबीलाल आला. चालत. दर चार पावलांनी थांबत. अण्णांचं रान पुरं झालं होतं. आल्या आल्या तो आपल्या रानात शिरला, वाकायला गेला, वाकता येईना, तेव्हा बिबीजाननं मूठभर माती उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं ती दाबली, सोडली. गोळा पायाशी पडून फुटला. तो तिथंच बघत उभा राहिला.

सऱ्या काही ठिकाणी वाकड्या गेल्या होत्या. एक तर मधेच चांगली पोट काढून पुढं गेली होती. तोहिद खाली मान घालून म्हणाला, "अब्बा, त्या दोन-चार वाकड्या झाल्यात. पाऊस यायच्या आत पुन्हा मारू का?"

नबीलालनं टोपी काढून तोंड पुसलं. ढगाकडं बघितलं. मग ट्रॅक्टरच्या मडगार्डला धरून, कसाबसा वर चढून कडेला टेकला.

"असू दे. ऊस काय वाकडा येत न्हाय. चल, घरापतोर ने मला. तू चालव, मी बसतो."