सासूबाईंनी जलेबी खाल्ली

मैत्रिणींनो, आज जावेवर जीव जळून राहिला आहे, खोटं कशाला बोलू?

सुट्टी म्हणून आम्ही सगळे आमच्या शहरातल्या बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेलो. खोव्याच्या जलेबीच्या दुकानात मी नेहमीसारखं सांगितलं, "भैया, आईंना नको, त्या बाहेरचं खात नाहीत." तेवढ्यात पुण्याहून आलेल्या माझ्या धाकट्या जावेने गरम तुकडा सासूबाईंच्या तोंडापुढे धरला. "खाऊन तर बघा, आई!"

त्यांनी खाल्ला. वर आणखी मागितला!

एकोणीस वर्षं त्यांचं सोवळं मी सांभाळलं. रिक्षात मला राहवलं नाही. "आई, तुमचं सोवळं?"

"ते तुझ्या सासऱ्यांचं होतं. मला तू कधी विचारलंच काहून नाही?"

सांजवात केली, जप केला, तरी हेवा जात नाही. तुम्हीही कोणाला असं न विचारताच उपाशी ठेवलंय का?