सहीनंतर लिहिलेली ओळ

‘सही माझीच आहे,’ वालावलकर मॅडम म्हणाल्या. ‘पण ही ओळ मी वाचलेली नाही.’

त्यांच्या गाडीचं दोन वर्षांपूर्वीचं जॉबकार्ड माझ्या टेबलावर होतं. गाडी सर्व्हिसिंगला आली की आम्ही जो कागद भरतो, तो म्हणजे जॉबकार्ड. वर गाडीचा नंबर, मधे करायची कामं, खाली ग्राहकाची सही. मॅडमनी चष्मा काढून ओढणीला पुसला आणि परत लावला. ओळ अशी होती: ‘इंजिन सॉफ्टवेअर अपडेट, ग्राहकाला माहिती देऊन, संमतीने.’ अक्षर माझं होतं.

‘तुम्ही मला हे सांगितलं होतं का, तावडे?’

‘हो मॅडम. सांगितलं होतं.’

नव्हतं सांगितलं.

मी अंधेरीला एमआयडीसीत एका मोठ्या मोटार कंपनीच्या डीलरकडे सर्व्हिस अॅडव्हायझर होतो. सोळा वर्षं. अॅडव्हायझर हे नाव मोठं आहे. काम एवढंच, की ग्राहकाला वाटतं तो आपला माणूस आहे, आणि वर्कशॉपला वाटतं तो आपला. दोघांनाही तसं वाटत राहायला हवं.

प्रकरण काय होतं ते आधी सांगतो. आमच्या कंपनीच्या एका डिझेल इंजिनात चलाखी होती. गाडी तपासणीच्या रोलरवर उभी आहे, चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, हे गाडीतल्या सॉफ्टवेअरला कळायचं. तेवढ्या वेळापुरतं इंजिन सज्जनासारखं वागायचं. रस्त्यावर आलं की पुन्हा वाटेल तसा विषारी वायू सोडायचं. आपल्या पेट्रोल पंपावरच्या पीयूसीत हे पकडलं जायचं नाही, कारण तिथे ते मोजतच नाहीत. परदेशात बोंब झाली, मग इथे.

कंपनीने आधी काढलं ते ‘कॅम्पेन’. गाडीतला दोष कंपनीने स्वतःहून दुरुस्त करायचा, त्याला आमच्या धंद्यात कॅम्पेन म्हणतात. ऐकायला जाहिरातीसारखं वाटतं, म्हणूनच म्हणत असावेत. यात लॅपटॉप जोडून जुनं सॉफ्टवेअर पुसायचं आणि नवं टाकायचं. काम तासाभराचं. ग्राहकाला आधी कंपनीचं पत्र दाखवायचं, समजावायचं, त्याची संमती घ्यायची, असा नियम होता.

आम्ही पहिला आठवडा नियम पाळला. घाटकोपरचे एक कापडवाले शहा होते. त्यांनी पत्र वाचलं आणि विचारलं, ‘अपडेटने मायलेज कमी होणार?’

‘थोडं होऊ शकतं.’

‘पिकअप?’

‘थोडा.’

‘मग राहू दे ना यार. धूर सोडू दे तिला. गाडी झकास पळते माझी.’ आणि ते निघून गेले.

असे बरेच शहा निघाले. आमचे वर्कशॉप मॅनेजर दळवी माझ्याच वयाचे, दोघंही एकाच वर्षी लागलेले. त्यांच्याकडे दर सोमवारी कंपनीची यादी यायची, कुठल्या गाड्यांचं कॅम्पेन बाकी आहे त्याची. एका सोमवारी ते यादी घेऊन माझ्या टेबलाशी आले.

‘तावड्या, तू कीर्तन करतोस का रे कस्टमरसमोर?’

‘नियम आहे ना. समजावून सांगायचं.’

‘समजावलं की ते नको म्हणतात. गाडी आली की लॅपटॉप लाव आणि सोडून दे. सगळीकडे हेच चाललंय.’

‘आणि संमती?’

‘सही असते ना जॉबकार्डावर?’

सही असायची, हे खरं. आता आमची एक सवय सांगतो. बाहेरच्या लोकांना ती माहीत नसते, आणि आतल्यांना ती सवय वाटतच नाही. सकाळी गेटवर गाड्यांची रांग लागते. प्रत्येकाला ऑफिसला पोचायचं असतं. अशा वेळी कामं लिहीत बसलं तर रांग रस्त्यावर जाते. म्हणून आम्ही आधी सही घेतो, कोऱ्या कागदावर, आणि कामं मागाहून सावकाश लिहितो. ग्राहकाची प्रत असते, पण गाडी न्यायला आल्यावर ती गेटपाससाठी परत घेतली जाते. म्हणजे शेवटी दोन्ही प्रती आमच्याकडेच. या पद्धतीने मी वर्षानुवर्षं ‘ऑइल बदलणे’, ‘ब्रेक साफ करणे’ असं लिहीत आलो होतो. त्यात कुणाचं काही बिघडलं नव्हतं. त्या सोमवारपासून तिथेच मी ही ओळ लिहायला लागलो. पेनही तेच होतं.

वालावलकर मॅडम कांजूरमार्गला राहायच्या. महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. वडील गिरणीत होते. घराण्यातली पहिली गाडी त्यांनी घेतली, तीही स्वतः चालवायला. त्या भागात कचऱ्याच्या डंपिंगचा वास किती येतो हे तिथे राहणाऱ्यालाच माहीत. मॅडम त्याविरुद्ध सोसायट्या-सोसायट्यांतून सह्या गोळा करायच्या. फाइल कायम गाडीत. सर्व्हिसिंगला आल्या की गेटवरच्या वॉचमनलाही विचारायच्या, ‘तू खंय रवतंस रे? विक्रोळीक? मग तुकाय वास येताच. पण आधी वाच आणि मगे सही कर.’ वाचल्याशिवाय कुणाची सही त्या घ्यायच्या नाहीत.

आणि माझ्यासमोर मात्र कोऱ्या कार्डावर सही करून रिक्षा पकडायच्या. म्हणायच्या, ‘तावडे आहेत ना, मग मी काय वाचू?’

अपडेटनंतर त्यांची गाडी जड झाली. चढावर दम लागायचा. दोनदा येऊन त्यांनी तक्रार केली. दोन्ही वेळा मी एअर फिल्टर बदलला आणि डिझेलला दोष दिला.

मग कंपनीने दुसरा निर्णय घेतला. ओरड वाढली होती, परदेशात गाड्या परत घेतल्या होत्या, इथले ग्राहकही हटून बसले होते. कंपनीने जाहीर केलं की आम्हीही गाड्या परत घेऊ, मात्र ज्यांना अपडेट मिळालेला नाही अशाच. अपडेट घेतलेली गाडी नियमात बसते, ग्राहकाने तो संमतीने घेतलेला आहे, तेव्हा प्रश्न मिटला.

म्हणजे कंपनीचं ऐकणारे अडकले आणि न ऐकणारे सुटले. ते शहा गाडी परत देऊन गेले आणि जाताना आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. मुलुंडचे एक जण कित्येक वर्षं गल्लीतल्या मेकॅनिककडेच गाडी नेत होते. त्यांचंही काम झालं. बाकीचे रोज काउंटरवर यायचे. कुणी शिव्या द्यायचं, कुणी रडवेलं व्हायचं. शोरूममध्ये नवी गाडी बघायला आलेली माणसं हा तमाशा बघून हळूच बाहेर पडायची. नव्या मुलींना काउंटरवर उभं करून दळवी मागच्या दाराने जेवायला जायचे.

मॅडमनी अर्ज केला होता. त्यांना गाडी नकोच होती. ‘मी लोकांना हवेबद्दल अक्कल शिकवते आणि माझ्याच गाडीच्या पोटात ही लबाडी,’ त्या म्हणाल्या होत्या. अर्ज परत आला, ‘अपडेट घेतलेला आहे’ असा शेरा मारून. म्हणून त्या जॉबकार्ड बघायला आल्या होत्या.

तर मी म्हणालो, सांगितलं होतं. मला वाटलं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर कदाचित मी कबूल केलं असतं. कार्डावर बोट ठेवून त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

‘मला अजिबात आठवत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘पत्र दाखवलं होतं तुम्ही?’

‘दाखवलं होतं.’

‘इथेच?’

‘इथेच, मॅडम. घाईत होता तुम्ही.’

‘माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस बंद करायला विसरायची, मग माणसं.’ त्या उठल्या. ‘तुमचा वेळ घेतला, तावडे. माझीच चूक. उगाच तुमच्यावर शंका घेतली.’

त्या माफी मागून गेल्या. मी ते कार्ड फाइलला लावलं आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारली.

संध्याकाळी दळवींना सांगितलं.

‘गेली ना ती? मग झालं.’

‘तिला वाटतंय तिचं डोकं चालत नाही.’

‘वय झालं की वाटतं तसं. तू खरं सांगितलंस तर एका बाईचं प्रकरण राहणार नाही, कळतंय ना? सगळी कार्डं उघडतील. अक्षर कुणाचं आहे त्यांच्यावर? माझं नाही.’

हे मला तोवर सुचलं नव्हतं. दळवींनी मला कधी काही लिहून दिलं नव्हतं. लिहिलं होतं ते मी.

चार महिन्यांनी गाडी पुन्हा आली. चालवत त्यांची मुलगी अमृता होती, बोरिवलीला राहणारी. मॅडम शेजारी बसून होत्या, उतरल्या नाहीत. मी नमस्कार केला तर हसल्या. ‘तावडेच ना?’ त्यांनी विचारलं. गमतीत विचारलं की खात्री करायला, मला कळलं नाही.

अमृताने जॉबकार्ड पूर्ण भरेपर्यंत सही केली नाही. मग बाजूला घेऊन म्हणाली, ‘आईला आता कुठल्याही कागदावर सही करू देऊ नका. फोन मला करा. तिने अपडेटला हो म्हटलं आणि साफ विसरली, तेव्हापासून मी लक्ष ठेवते. गाडीची चावी माझ्याकडे आहे. त्या डंपिंगच्या फाइलचं कामही सोडलं तिने. म्हणते, उद्या माझ्याकडून भलतंच काही लिहिलं गेलं तर लोकांचं नुकसान.’

‘डॉक्टरांना दाखवलं?’ मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

‘तपासण्या चालू आहेत. अजून काही सापडत नाही. सुरुवातीला सापडत नाहीच म्हणतात.’

मी मान हलवली. गाडीपर्यंत जायला वीस पावलं होती. मी अमृताबरोबर अर्धी चाललो आणि परत फिरलो.

खरं सांगायला मला आणखी सात महिने लागले. तोवर मी नोकरी बदलली होती. आता मी विम्याच्या क्लेमसाठी ठोकलेल्या गाड्या तपासतो. म्हणजे बोलून माझं काही जाणार नव्हतं तेव्हा मी बोललो. यात माझं कौतुक करण्यासारखं काही नाही, म्हणून तेही लिहून ठेवतो.

एका रविवारी सकाळी कांजूरमार्गला त्यांच्या घरी गेलो. मॅडमनी दार उघडलं. मी उभ्या-उभ्याच सुरू केलं, कारण बसलो असतो तर चहा आला असता. कोरी सही, दळवींची यादी, ओळ, आणि टेबलावर बोललेलं खोटं, सगळं सांगितलं. ‘तुम्ही काहीही विसरला नव्हता,’ मी म्हणालो. ‘विसरायला मी काही सांगितलंच नव्हतं.’

त्या म्हणाल्या, ‘हे माझ्या मुलीला सांगा.’ आणि फोन लावून स्पीकरवर ठेवला.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अमृताने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने मला काही विचारलं नाही.

‘आई,’ ती म्हणाली, ‘यांना तू बोलावलंस का?’

‘नाही गं. आपणहून आले.’

‘आई, चावी हवी असेल तर मला सांग ना सरळ. लोकांना घरी बोलवून असं वदवून घ्यायचं काय कारण?’

‘ताई, मला कुणी बोलावलं नाही,’ मी म्हणालो.

‘तुम्हीच मागे हो म्हणाला होतात ना? आणि आता नाही म्हणताय. तुमच्याकडे काही कागद आहे?’

कागद नव्हता. एकच कागद होता, आणि त्यावर मी लिहिलेलं खोटं होतं.

फोन बंद झाल्यावर मॅडम माझ्याकडे नीट बघत राहिल्या. वर्गात उत्तर देणाऱ्या मुलाकडे त्या अशाच बघत असतील.

‘मला एक सांगा, तावडे. तेव्हा खरं बोललात की आता?’

‘आता, मॅडम.’

‘तेव्हाही असंच माझ्या डोळ्यांत बघून बोलला होतात.’ त्यांनी दाराकडे हात केला. ‘या तुम्ही.’

मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं, माझ्या नावानिशी. तीन ओळींचं उत्तर आलं. गाड्या परत घेण्याची योजना बंद झाली आहे, आणि माजी कर्मचाऱ्याच्या म्हणण्यावरून जुनी जॉबकार्डं उघडता येणार नाहीत. उत्तराची प्रत मी मॅडमना पाठवली. पोच आली नाही. दळवी आता विभागीय मॅनेजर आहेत.

गाडी अमृताने विकली. ज्या दलालाने ती विकली, तो मला कामानिमित्त भेटतो. तो म्हणाला, हल्ली त्या गाड्यांना गिऱ्हाईक बिचकतं, पण ही चटकन गेली. सॉफ्टवेअर अपडेट झाल्याचा लेखी पुरावा होता, मालकिणीच्या संमतीसकट.

मॅडमच्या तपासण्या अजून चालू आहेत, असंही त्यानेच सांगितलं.

वाचणाऱ्यांनी एक करावं. गाडी सर्व्हिसिंगला दिलीत की जॉबकार्ड पूर्ण भरल्याशिवाय सही करू नका, आणि भरलेल्या कार्डाचा फोटो काढून ठेवा. मागे रांग ओरडली तर ओरडू दे. अॅडव्हायझर अनोळखी असेल तर ही काळजी तुम्ही घेताच. ओळखीचा असेल तेव्हा जास्त घ्या.