चार पानी पत्रक आणि काकूंचा रस्सा

माणसाला भूक लागली आहे हे त्यालाच पटवून द्यायला किती पानं लागतात, सांगा? मला चार लागली होती.

भिलाईत पोलाद कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. वडील रेल्वेत, आम्ही भिलाईजवळच्या मरोद्याला राहायचो. धाकटे काका वारले आणि शांताकाकू आमच्याकडे आल्या. त्यांच्या भावानं गोंदियाहून निरोप धाडला होता, ‘इकडं येऊन राहा, चार घास मिळतील.’ काकूंना ते चार घास नको होते. (ते भावजयीच्या हातून यायचे होते!) त्यांना स्वतःची खाणावळ काढायची होती. चालली तर भिलाई, नाही तर गोंदिया.

सगळी वस्ती मदतीला धावली. शेजारच्या दुलारीबाईंनी रस्सा शिजवायला मोठा गंज दिला, कुणी बेसन, कुणी मिरच्या, कुणी चुलीपुरत्या विटा (कुठून आणल्या ते विचारू नका). जाहिरात माझ्यावर सोपवली. इथंच सगळ्यांचं चुकलं!

इतर मुलं बडबडगीतांवर वाढतात, मी पत्रकांवर वाढलो. चार पानी पत्रक दुर्गहून छापूनच आणलं : ‘श्रमिकांनो! भुकेविरुद्ध एक व्हा! रविवारी दुपारी बाराला मरोद्याच्या चिंचेखाली हजारोंच्या संख्येनं जमा!’

“त्यात पाटवडी-रस्स्याचं लिवलं ना रे?” काकूंनी विचारलं.

“काकू, ते अध्याहृत आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे नाही लिहिलं.”

रविवारी बाराला माणसं आली. दोनशे तरी असतील! सिमेंटनं माखलेली, पुढं एक लाल झेंडा. मी काकूंकडं विजयी नजरेनं पाहिलं. मग पाहिलं तर प्रत्येकाच्या काखेत फडक्यात बांधलेली भाकर! आमच्याकडं सभेला जाताना शिदोरी नेतातच, कारण वक्ता कधी थांबेल याचा भरवसा नसतो. मंडळी चिंचेखाली ऐसपैस बसली आणि काकूंच्या उकळत्या गंजासमोर त्यांनी आपापली फडकी सोडली!

म्होरके होते नामदेवभाऊ गवंडी. म्हणाले, “हं, बोला. काय मागण्या हायेत?”

“मागणी एकच,” मी ओरडलो, “जेवा!”

“आमी तं जेवूनच राहिलो ना बा!”

काकूंचा चेहरा उतरला. त्या हळूच म्हणाल्या, “भावाले पत्र लिही. स्टेशनावर घ्याले ये म्हणा.” दुलारीबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मी काय करावं? विटांच्या ढिगावर चढलो आणि भाषण सुरू केलं!

दुसऱ्या मुद्द्यावर होतो, तोच नामदेवभाऊंना कोरड्या भाकरीचा ठसका लागला. डोळे पांढरे! लोकांनी पाठ चोळली. काकू धावल्या, पण घाईत त्यांनी पाण्याऐवजी हातातली रश्शाची पळीच भाऊंच्या भाकरीवर रिकामी केली. भाऊंनी एक घास घेतला. ठसका थांबला. मग सभाच थांबली.

“वहिनी, हे काय होय?”

“रस्सा. पाटवडीचा.”

भाऊ माझ्याकडं वळले. “काऊन रे पोट्ट्या, याच्यासाठी चार पानं खराब केली? रस्सा हाय म्हणाचं ना सिद्धं!”

आणि दोनशे माणसं उठली. “शांतता राखा! माझा तिसरा मुद्दा...” मी ओरडत होतो. कुणीतरी मला ढिगावरून उचलून बाजूला ठेवलं, कारण दुसऱ्या चुलीला त्याच विटा हव्या होत्या. वस्तीतल्या बाया घरोघरचे गंज घेऊन धावल्या. गंज तीनदा चढला, तीनदा रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पाटीवर कोळशानं दोनच शब्द लिहिले : ‘रस्सा आहे’. भाकर कामगारांनी आणायची, रस्सा काकूंचा, असा धंदा ठरला आणि बिनबोभाट चालला. गोंदियाचं पत्र लिहायची पाळी आली नाही. मी इतका मोठा सुस्कारा टाकला, की काकू म्हणाल्या, “जरा चुलीकडं तोंड करून टाक, इस्तू तरी फुलंल.”

तर वाचकहो, तुमच्या वस्तीत कुणी नवी चूल मांडली, तर पहिल्याच आठवड्यात घरच्यांना घेऊन जेवून या. आणि चुलीपाशी एखादा तरुण आवेशानं बोलताना दिसला, तर कृपा करून त्याला कांदे चिरायला बसवा. थोडा रडतो, पण कामाला येतो. अनुभवानं सांगतोय!